थेंबातलं फूल दर वेळी ब्लर येतंय? फोकस एक थेंबभर अलीकडे आणा

पावसाळा सुरू झाला की आणि नंतर थंडीत दव पडायला लागलं की, वर्षातून दोनदा कुणी ना कुणी मला मोबाईलवर तोच फोटो दाखवतं आणि तोच प्रश्न विचारतं. पानाच्या टोकाला थेंब आहे, मागे फूल धरलंय, थेंबात ते फूल उलटं दिसतंय, डोळ्याला अगदी कडक दिसतंय, पण फोटो काढला की थेंबाची कड शार्प, पानावरची लव शार्प आणि आतलं फूल मात्र धूसर. परत काढला तरी तेच, एफ १६ केलं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक केलं, तरी तेच, ट्रायपॉड लावला तरी तेच.

माझी यात दोन वर्षं गेली. क्रॉप सेन्सरची, म्हणजे छोट्या सेन्सरची बॉडी, ५० एमएमची लेन्स आणि जवळून फोकस व्हावा म्हणून लेन्समागे लावायची एक्स्टेन्शन ट्यूब एवढ्यावर सुरुवात केली, मग वाटलं ट्यूबमुळे होत असेल म्हणून पैसे साठवून मॅक्रो लेन्स घेतली, आणि पहिल्याच सकाळी तोच धूसर फोटो. एका दुकानात दाखवला तर म्हणाले लेन्सला फ्रंट फोकस आहे, म्हणजे फोकस थोडा अलीकडे पडतो, ॲडजस्ट करून घ्या. घेतली करून, आठ दिवस लेन्सशिवाय बसले, पैसे गेले ते वेगळेच आणि फरक काडीचा नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की हा फोटो धूसर येण्याचं मुख्य कारण लेन्समध्ये नसतं, तुमचा हात हलण्यातही नसतं, आणि ते एकदा कळलं की एक पैसा न घालवता सुटतं.

मला ते कळलं चिपळूणला आत्याच्या घरी, भाच्याच्या गोट्यांमुळे. त्याच्याकडे एक साधी पारदर्शक गोटी होती, आतला रंगीत पट्टा नसलेली. तो ती खिडकीसमोर धरून बघत होता, मी सहज मधे बटर पेपरचा तुकडा धरला, म्हणजे खिडकी मग गोटी मग कागद, आणि कागद गोटीपासून चारेक मिलिमीटर लांब नेल्यावर त्यावर उलटी खिडकी उमटली, गज, बाहेरचा माड, सगळं, नखाएवढं पण स्पष्ट. कागद गोटीला चिकटवला तर पुसट, लांब नेला तर पुसट, मधल्या त्या एका जागीच स्वच्छ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हे चित्र गोटीच्या आत नाहीच आहे! ते गोटीच्या बाहेर, माझ्या बाजूला, हवेत तयार होतंय. आपल्याला ते आत असल्यासारखं वाटतं कारण भोवती गोटीची चौकट दिसते.

पाण्याच्या थेंबाचंही हेच. गोल थेंब म्हणजे भिंग, आणि पाण्याचा अपवर्तनांक १.३३ धरून शाळेतलं गणित केलं तर मागच्या लांबच्या वस्तूची प्रतिमा थेंबाच्या केंद्रापासून साधारण दोन त्रिज्या पुढे येते, म्हणजे थेंबाच्या पुढच्या पृष्ठभागापासून अजून एक त्रिज्या कॅमेऱ्याकडे. ४ मिलिमीटरचा थेंब असेल तर त्याची कड, म्हणजे आपल्याला दिसणारा गोल काठ, केंद्राच्या रेषेत असतो आणि फुलाची प्रतिमा त्याच्या ४ मिलिमीटर अलीकडे तरंगत असते. एक अख्खा थेंबभर अंतर. फूल अगदी जवळ असेल तर अजून किंचित जास्त.

आता मॅक्रोत आपल्याकडे डेप्थ, म्हणजे एकाच वेळी शार्प येणारी जाडी, किती असते ते बघा. क्रॉप सेन्सरवर लाइफसाइजला, म्हणजे वस्तू सेन्सरवर स्वतःच्या मापाएवढीच पडते तेव्हा, एकास एक, एफ ८ ला जेमतेम ०.६ मिलिमीटर. कड आणि फूल यात ४ मिलिमीटरचं अंतर आणि हातात अर्धा मिलिमीटर! एवढ्या मोठ्या थेंबाला लाइफसाइजला एका फोटोत दोन्ही शार्प येणं शक्यच नाही, कुठलीही लेन्स आणा.

आणि ऑटोफोकस काय करतो, तर जिथे ठळक कड दिसेल तिथे चिकटतो, म्हणजे थेंबाचा काठ, पानाची लव, नाहीतर थेंबावरचा पांढरा चमकणारा ठिपका. त्या ठिपक्याची अजून एक गंमत आहे, तो पृष्ठभागावर नसतो, थेंब बहिर्वक्र आरशासारखा वागतो म्हणून ठिपक्याची प्रतिमा पृष्ठभागाच्या अर्धी त्रिज्या आत दिसते. म्हणजे एकाच थेंबात तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन गोष्टी आहेत, पुढे हवेत फूल, मग थेंबात थोडा आत ठिपका, आणि सगळ्यात मागे काठ. ऑटोफोकसला यातलं फूल सापडणं जवळजवळ अशक्य कारण ते सगळ्यात मऊ आणि कमी कॉन्ट्रास्टचं असतं.

म्हणून पहिला उपाय, आणि खरं तर यानेच दहातले सात फोटो सुधारतात. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, लाइव्ह व्ह्यू चालू करून १० पट झूम करा, आधी थेंबाचा काठ शार्प करा, आणि मग फोकस रिंगला हात न लावता अख्खा कॅमेरा थेंबाच्या व्यासाएवढा मागे घ्या. मागे, पुढे नाही. पुष्कळ जणांना वाटतं की फूल थेंबाच्या मागे आहे तर फोकस मागे न्यायला हवा, म्हणून ते कॅमेरा पुढे सरकवतात आणि मग अजूनच बिघडतं. कॅमेरा मागे घेतला की फोकसची पातळी तुमच्याकडे सरकते आणि हवेतल्या त्या प्रतिमेवर येते. स्क्रीनवर बघा, काठ हळूहळू विरघळत जातो आणि एका क्षणी पाकळ्या एकदम टक्क उभ्या राहतात. मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा आत्याला हाक मारून दाखवलं, "आत्या, हे बघ, सापडलं!" ती म्हणाली, "अगं पण आता थेंब कुठे गेला?" बरोबरच होतं तिचं, काठ पार धूसर झाला होता.

तर आता दुसरा अर्धा प्रश्न, दोन्ही हवेत.

एक रस्ता स्टॅकिंगचा, म्हणजे वेगवेगळ्या जागी फोकस केलेले फोटो एकात जोडायचा. काठापासून सुरुवात करून कॅमेरा ०.४ मिलिमीटरच्या पावलाने मागे घेत प्रतिमेपर्यंत यायचं, ४ मिलिमीटरच्या थेंबाला दहा-बारा फोटो होतात. कॅमेरा कणाकणाने सरकवायची पट्टी, म्हणजे फोकसिंग रेल, असेल तर उत्तम, नसेल तर फोकस रिंग अगदी कणाकणाने फिरवूनही होतं. मग झेरीन स्टॅकर, हेलिकॉन फोकस किंवा फोटोशॉपमध्ये जोडायचे, फुकट हवं असेल तर ह्युगिन या सॉफ्टवेअरसोबत येणारी साधनं आहेत. पण थेंबाच्या बाबतीत आपोआप जोडण्यावर फार विसंबू नका, कारण फुलाच्या फ्रेममध्ये काठ फुगून फुलावर धूसर कडं चढवतो आणि सॉफ्टवेअर गोंधळतं, फुलाभोवती घाणेरडा करडा घेर येतो. मी आता बारा फोटो काढते खरे पण शेवटी बहुतेक वेळा दोनच वापरते, एक काठाचा आणि एक फुलाचा, दोन लेअर, वरच्या लेअरवर मऊ ब्रशने गोल मास्क. दहा मिनिटांचं काम आहे आणि स्वच्छ दिसतं.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो, थेंब लहान करा आणि मॅग्निफिकेशन कमी करा. लाइफसाइजच्या ऐवजी अर्ध्या साइजला, एफ ११ ला, डेप्थ अडीच मिलिमीटरच्या थोडी पुढे जाते. थेंबच अडीच मिलिमीटरचा असेल तर काठ आणि फूल यातलं अंतरही तेवढंच, मग फोकस दोघांच्या बरोबर मधे ठेवला की एकाच क्लिकमध्ये दोन्ही चालण्यासारखे येतात. तोटा असा की थेंब फ्रेममध्ये लहान राहतो, २४ मेगापिक्सेलवर जेमतेम ३२० पिक्सेल रुंद, त्यामुळे एकट्या थेंबाचा मोठा प्रिंट काढायचा विचार सोडा. पण गवताच्या पात्यावर सात-आठ थेंबांची रांग आणि प्रत्येकात एकेक चिमुकलं फूल, यासाठी हाच रस्ता. पातं सेन्सरला समांतर ठेवा मात्र, जरा तिरकं झालं की रांगेतले दोनच थेंब शार्प.

लहान थेंब मोजून कसा ठेवायचा तर इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी ४० युनिटवाली १ मिलिलिटरची सिरिंज घेतली तर एक युनिट म्हणजे ०.०२५ मिलिलिटर, त्याचा गोल थेंब साधारण ३.६ मिलिमीटरचा होतो, आणि अर्ध्या युनिटचा २.९ चा. अजून लहान हवा असेल तर सुईच्या टोकाला पाणी नुसतं आणून पानाला स्पर्श करायचा. ड्रॉपरचा थेंब यासाठी मोठा पडतो, १ मिलिलिटरला साधारण वीस थेंब धरले तर एकेक साडेचार मिलिमीटरचा. सुई वापरून झाली की टोपण लावून डबीत ठेवा, घरात लहान मुलं असतील तर आठवणीने.

मोठ्या थेंबाचा अजून एक त्रास आहे आणि तो ओळखायला अवघड, कारण लक्षण तेच, ब्लर. थेंब चार-पाच मिलिमीटरच्या पुढे गेला की स्वतःच्या वजनाने चपटा होतो, पानावर बसला तर भाकरीसारखा आणि टोकाला लोंबला तर नासपतीसारखा. मग तो गोल भिंग राहत नाही, उभ्या दिशेला वेगळी वक्रता आणि आडव्या दिशेला वेगळी. अशा थेंबात फुलाच्या उभ्या पाकळ्या शार्प केल्या की आडव्या धूसर आणि आडव्या केल्या की उभ्या, डोळ्याला चष्म्याचा तिरका नंबर असल्यावर दिसतं ना तसंच. तुम्ही कॅमेरा मागेपुढे करताय आणि प्रत्येक जागी वेगळ्याच पाकळ्या उजळतायत असं दिसलं की थांबा, ते फोकसने सुटणार नाही, थेंब टिपून काढा आणि लहान ठेवा.

आता एफ १६, एफ २२ बद्दल, कारण सगळ्यात आधी हाच सल्ला मिळतो. लाइफसाइजला लेन्सवर लिहिलेला आकडा आणि खरा आकडा यात दुपटीचा फरक पडतो, एफ ८ ठेवलं तर प्रकाशाच्या दृष्टीने ते एफ १६ असतं आणि एफ १६ ठेवलं तर एफ ३२. त्या एफ ३२ ला डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो त्यामुळे, एका बिंदूची चकती साधारण ४३ मायक्रॉनची होते आणि २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरचा पिक्सेल आहे ४ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे एक बिंदू दहा-अकरा पिक्सेलवर पसरला. डेप्थ वाढून मिळाली सव्वा मिलिमीटर, अंतर होतं चार, म्हणजे ते जुळलं नाहीच आणि होती ती शार्पनेसही गेली. मी लाइफसाइजला एफ ८ च्या पुढे जात नाही, अर्ध्या साइजला एफ ११. निकॉनवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमची बॉडी मॅक्रो लेन्सवर बराचसा खरा आकडा दाखवते, कॅनन नुसता छापील दाखवतो, त्यामुळे कॅननवाल्या मित्राची सेटिंग जशीच्या तशी कॉपी करू नका.

फोकस बरोबर आहे आणि तरी सगळंच, म्हणजे काठ, पान, फूल, सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसतंय, तर मग वारा. लाइफसाइजला पान सेकंदाला १ सेंटीमीटर हललं, जे डोळ्याला जाणवतही नाही, तरी २०० व्या भागाच्या शटरमध्ये ते ५० मायक्रॉन सरकतं, म्हणजे तेरा पिक्सेल. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरतो, पानाला नाही धरत. कपडे वाळत घालायचा चिमटा एका काडीला बांधून काडी कुंडीत खोचा आणि चिमट्याने देठ हलकेच धरा, वाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा किंवा उघडी छत्री ठेवा, घरात असाल तर पंखा बंद आणि कुणी दार आपटणार नाही ते बघा. सूर्योदयाच्या आधीची अर्धी घटका बहुतेक ठिकाणी हवा अगदी निश्चल असते, माझे सगळे धड फोटो त्याच वेळचे आहेत. नाहीतर फ्लॅश, कमी पॉवरवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही पुष्कळ छोटा असतो, पान थिजतं.

पण फ्लॅश आला की नवीन तक्रार सुरू, थेंबावर पांढरा भोक पाडल्यासारखा डाग. तो डाग म्हणजे तुमच्या दिव्याचीच प्रतिमा, तो पूर्ण जाणार नाही, जाऊही नये, त्याच्याशिवाय थेंब ओला वाटत नाही. त्याला मोठा आणि मऊ करायचं एवढंच. ट्रेसिंग पेपर किंवा दुधाची पांढरी पिशवी धुवून वाळवून फ्लॅश आणि थेंब यांच्या मधे, थेंबाच्या जितकं जवळ जमेल तितकं धरा. फ्लॅशच्या तोंडावर चिकटवलेल्या टोपीचा फारसा उपयोग होत नाही कारण दिवा थेंबाला लहानच दिसत राहतो.

आणि एक वेगळीच केस, फूल ब्लर नाहीये तर काळं येतंय. सूर्य किंवा दिवा फुलाच्या मागे असला की फुलाचा जो चेहरा थेंबाकडे आहे तो सावलीत जातो, थेंब तर तोच चेहरा दाखवणार. लग्नपत्रिकेची कोरी पांढरी बाजू कॅमेऱ्याच्या बाजूने खाली धरून फुलावर उजेड परतवा, एवढ्याने काम होतं. थेंब मागचा फार मोठा भाग आत ओढून घेतो, जवळजवळ सगळी खोलीच, म्हणून फुलाच्या भोवती काळोख असेल तर थेंबाचा काठ काळा येतो, मागे हिरवा किंवा निळा कार्डशीट उभा करा. फुलाचं अंतरही मोजून ठेवा. ३.६ मिलिमीटरच्या थेंबामागे ३ सेंटीमीटरचं सदाफुलीचं फूल ५ सेंटीमीटरवर ठेवलं तर प्रतिमा सव्वादोन मिलिमीटरची येते, थेंब छान भरतो, तेच फूल १५ सेंटीमीटरवर नेलं तर पाऊण मिलिमीटर, मग शार्प असूनही ठिपक्यासारखं दिसतं आणि लोक म्हणतात ब्लर आहे. जर्बेरासारखं मोठं फूल असेल तर लांब ठेवा. फूल उलटं दिसणार हे तर आहेच, सरळ हवं असेल तर देठाकडून वर बांधून उलटं टांगा.

थेंब कुठे ठेवता यावरही फार अवलंबून आहे. सगळे जण पहिल्यांदा अळूकडे धावतात, मीही धावले, परसात अळू असतोच आणि त्याच्यावर थेंब काय सुंदर गोळा होतो. पण अळवावरचं पाणी म्हणजे काय हे तिथेच कळतं, फोकस करेपर्यंत घरंगळून गेलेलं असतं. अळू, कमळ यांच्या पानांवर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात, पाणी त्यांच्या टोकांवर तरंगतं आणि खाली हवेचा थर राहतो, जर्मनीच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी १९९७ साली कमळाच्या पानाचा अभ्यास छापला तेव्हापासून जगात याला लोटस इफेक्ट म्हणतात. त्या हवेच्या थरामुळेच थेंबाचं बूड पाऱ्यासारखं चकाकतं. वरून फोटो काढला तर तुम्हाला ती चांदीच दिसणार, फूल दिसणारच नाही, त्यासाठी कॅमेरा पानाच्या पातळीला खाली आणून आडवं बघायला लागतं. थेंब टिकवायचा असेल तर पानाचा देठ जिथे जोडलेला असतो तिथली वरची छोटी खळगी वापरा, पाणी आपणहून तिथे येऊन बसतं.

गुलाबाची पाकळी याच्या उलट, तिच्यावरही थेंब गोल राहतो पण चिकटून बसतो, पाकळी उलटी केली तरी लहान थेंब पडत नाही. नवशिक्यांनी गुलाबापासूनच सुरू करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि सगळ्यात सुंदर म्हणजे रुईची म्हातारी. जानेवारीनंतर रुईची बोंडं फुटली की एक बी घ्या, तिच्या रेशमी केसांवर अर्ध्या युनिटचा थेंब ठेवा, तो केसांच्या टोकांवर मोत्यासारखा उभा राहतो, चारी बाजूंनी मोकळा, आणि मागचं फूल त्यात अडथळ्याशिवाय दिसतं. रस्त्याकडेची एकदांडीची म्हातारीही चालते, थोडी लहान असते. रुई तोडताना चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, वाळलेलं बोंड असेल तर तो प्रश्न येत नाही.

थेंब गोल न राहता पसरतच असेल तर स्प्रेची बाटली तपासा. आधी त्यात साबणाचं पाणी किंवा कंडिशनर असेल तर थोडा अंश उरतोच आणि तेवढ्याने थेंब आडवा होतो. नवीन बाटली, आणि पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड, बोअरच्या पाण्याने पानावर पांढरे डाग राहतात आणि मॅक्रोत ते गोवरासारखे दिसतात.

काही जण ग्लिसरीन मिसळतात, निम्मंनिम्म. मी कुंडीतल्या झाडांवर आणि तोडलेल्या फुलांवर वापरते, त्याने थेंब लवकर सुकत नाही, स्टॅकिंगला वेळ मिळतो, शिवाय त्याचा अपवर्तनांक जास्त असल्याने प्रतिमा थेंबाच्या जरा जवळ येते आणि अंतर थोडं कमी होतं. फोटो झाला की पान धुवा. बाहेर रानात मात्र ग्लिसरीन नाही, फुलपाखरावर, चतुरावर तर अजिबातच नाही, चिकट होऊन बसतात बिचारे. कासच्या पठारावर गेलात तर ड्रॉसेरा ही किडे खाणारी वनस्पती दिसेल, त्याच्या लाल केसांवरचे थेंब बघून लोक त्यावर पाण्याचा फवारा मारताना मी बघितलंय आणि मला मनापासून वाईट वाटलं. ते थेंब पाण्याचे नाहीतच, किडे धरायचा तो चिकट रस आहे, झाडाचं जेवण आहे ते. २०१२ पासून ते पठार जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि एक फोटोसाठी पोटावर झोपताना आपल्या कोपराखाली किती झाडं जातात ते आधी बघायला हवं. वाटेच्या कडेला जे मिळेल ते काढा.

नैसर्गिक थेंब हवेत पण मिळतच नाहीत अशी तक्रार शहरातून फार येते. दव पडायला रात्र निरभ्र आणि वारा शांत लागतो, कारण पानाची उष्णता मोकळ्या आकाशात निघून जाऊन पान हवेपेक्षा गार व्हायला हवं. गॅलरीत वर स्लॅब असतो, झाडाखाली फांद्या असतात, पान गार होतच नाही, म्हणून कुंडी रात्री गच्चीवर नेऊन ठेवा, ढगाळ रात्री मात्र तो खटाटोप करू नका. ते नसेल जमत तर अळूला किंवा टोमॅटोला संध्याकाळी भरपूर पाणी घाला, हवा दमट असेल तर पहाटे पानाच्या टोकाला आणि कडेला ठरावीक जागी थेंब लागलेले दिसतील. ते दव नव्हे, मुळांनी रात्री ओढलेलं जास्तीचं पाणी झाड कडेच्या छिद्रांतून बाहेर टाकतं. याला आकाश लागत नाही, गॅलरीतही होतं, आणि थेंब दवापेक्षा मोठे आणि मोकळे असतात म्हणून आपल्या कामाला जास्त चांगले.

मोबाईलवाल्यांसाठी एवढंच, वर सांगितलेला नियम तुम्हालाही तसाच लागू. थेंबाच्या काठावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि मग फोन हातभर नाही, थेंबभर मागे घेत घेत दहा-पंधरा फोटो काढा, त्यातला एक बरोबर बसतो. मॅक्रो मोड आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारत असेल तर तो सेटिंगमधून बंद करता येतो का बघा.

एसी खोलीतून कॅमेरा थेट पावसाळी हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं आणि मग फोटो असा काही मऊ येतो की वरचं सगळं करूनही काही कळत नाही. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. कपड्याने पुसत बसू नका, परत धरतं.

मागच्या श्रावणात आत्याच्या परसात अळूच्या खळगीत एक थेंब मिळाला, साडेतीन मिलिमीटरचा असेल, मागे फूल ठेवलं नव्हतं काही. काठ शार्प केला, कॅमेरा तेवढाच मागे घेतला, आणि स्क्रीनवर उलटं मागचं दार आलं, दाराच्या दोन फळ्या, वर कौलं, आणि उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली आत्या, जेमतेम केसाएवढी पण लुगड्याचा रंग ओळखू येत होता. एफ ८, आयएसओ ४००, साठावा भाग, वारा नव्हता.